पेत्राला आधीच सांगितलं होतं, मग तो मोकळा होता का?

भुसावळकर (धागाकर्ता)

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६व्या अध्यायात येशू एकाच रात्री आपल्या दोन शिष्यांबद्दल आधी सांगून ठेवतो. यहूदा त्याला शत्रूंच्या हाती धरून देणार. पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हणून नाकारणार. दोन्ही तसंच घडतं. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना मी हा भाग शिकवतो आणि गुड फ्रायडे जवळ आला की कुणीतरी विचारतंच: आधीच माहीत होतं, तर यहूदाचा दोष काय?

भुसावळात रेल्वेच्या निमित्तानं आलेली कॅथलिक घरं आहेत, मराठी प्रोटेस्टंट घरं आहेत, अलीकडच्या प्रार्थना-मंडळ्याही आहेत. मुलं घरून वेगवेगळी उत्तरं घेऊन येतात. कुणी म्हणतं ही देवाची योजना, कुणी म्हणतं देवाला नुसतं माहीत होतं, त्यानं काही करायला लावलं नाही. आणि काही घरांत सांगतात, असलं विचारू नये. हे शेवटचं मला अजिबात मान्य नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पडलेला प्रश्न दाबला तर प्रश्न जात नाही, मूल मंडळीत यायचं थांबतं.

तर अडचण नेमकी कुठे आहे ते आधी मांडतो. समजा, मी उद्या सकाळी खोटं बोलणार आहे. देव सर्वज्ञ आहे, म्हणजे त्याला हे कालच माहीत होतं. काल होऊन गेलेलं आज कुणालाच बदलता येत नाही. देवाचं जाणणं कधी चुकत नाही. मग उद्या खरं बोलणं माझ्या हातात राहिलं का?

यात 'देवाला माहीत आहे म्हणून मी खोटं बोलतो' असं कुठेही आलेलं नाही, हे बघा. नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६५ साली हा युक्तिवाद काटेकोरपणे मांडला आणि तेव्हापासून त्यावरची चर्चा थांबलेली नाही.

चर्चमध्ये सहसा ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मविचारवंताचं (३५४–४३०) उत्तर दिलं जातं. मला एखादी गोष्ट आठवते म्हणून ती घडली असं होत नाही. तसंच देवाला पुढचं ठाऊक आहे म्हणून ते घडतं असंही होत नाही. हे खरं आहे आणि मुलांना सांगायलाच हवं. पण त्यानं कारणाचा प्रश्न सुटतो. वरची अडचण भूतकाळाच्या पक्केपणाची आहे, आणि ती तशीच राहते.

इथल्या कॅथलिक, प्रोटेस्टंट, बिगरख्रिस्ती सगळ्यांचं मत हवं आहे.

केळीबाग

मी ख्रिस्ती नाही, रावेरकडचा केळीवाला. पण विषय आपला वाटला.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्याकडे लोक भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं ते विचारतात. पाऊस कसा, पीक कसं, सगळं सांगतात. ऐकतो आम्ही, पण लागवड आपल्याच हिशेबानं करतो. ते चुकूही शकतं, म्हणून आपल्याला जागा राहते. तुमचा देव चुकतच नसेल तर ती जागा कुठं उरली? मला तरी ऑगस्टिनचं उत्तर पुरत नाही.

भुसावळकर

@केळीबाग, बरोबर जागी बोट ठेवलंत. सगळा प्रश्न त्या 'चुकतच नाही'मध्ये आहे. सिसेरो या रोमन विचारवंतानं हेच पाहिलं होतं आणि माणसाचं स्वातंत्र्य राखायला त्यानं भविष्याचं ज्ञानच नाकारलं. ऑगस्टिनला ते सहन झालं नाही. 'देवाची नगरी'च्या पाचव्या भागात तो सिसेरोवर फार चिडलेला दिसतो. देवाचं पूर्वज्ञानही खरं आणि आपली इच्छाही आपलीच, दोन्ही सोडायचं नाही, ही त्याची भूमिका. आपली इच्छा हेही एक कारणच आहे आणि देव तिला इच्छा म्हणूनच आधी जाणतो, असं तो म्हणतो.

भूतकाळाच्या अडचणीला पहिलं नीट तोंड दिलं बोएथियसनं. थिओडोरिक राजाच्या दरबारातला मोठा अधिकारी, राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत पडला आणि ५२४च्या सुमारास मारला गेला. मरणाची वाट पाहत असताना त्यानं जे लिहिलं त्याच्या शेवटच्या भागात हाच प्रश्न आहे. त्याचं म्हणणं असं: देवाला काल आणि उद्या नाहीच. अमर्याद जीवन सगळंच्या सगळं एकदम हाती असणं म्हणजे शाश्वतता. देव 'आधी' जाणत नाही, तो नुसता पाहतो. मी एखाद्याला चालताना पाहतो, तेव्हा तो चालत असणारच. पण माझ्या पाहण्यानं त्याच्या पायाला दोरी बांधली जात नाही.

तापीकाठ

आम्ही कॅथलिक. सेंट थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हेच पुढे नेलं. रस्त्यानं चालणाऱ्याला आपल्या मागून कोण येतंय ते दिसत नाही, उंचावरून पाहणाऱ्याला सगळे एकदम दिसतात. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर थांबा आणि खाली बघा. पहिल्या वळणावरचा ट्रक आणि शेवटच्या वळणावरची एसटी एकाच नजरेत येतात. पण ड्रायव्हर आपापलं स्टिअरिंग स्वतःच फिरवत असतात.

मला यात काही कमी दिसत नाही. देव काळाच्या आत आहे असं धरलं की गुंता होतो. काळही त्यानंच निर्माण केला.

भुसावळकर

@तापीकाठ, मलाही हे उत्तर फार आवडतं. पण पेत्राच्या गोष्टीशी ते अडखळतं. घाटावरून पाहणारा नुसता पाहत राहिला तर ठीक. इथे पाहणारा खाली उतरला, पेत्रासमोर बसला आणि बोलला. ते वाक्य गुरुवारी रात्री उच्चारलं गेलं, शिष्यांनी कानांनी ऐकलं. कोंबडा आरवला तेव्हा ते वाक्य भूतकाळात जमा झालेलं होतं. देव काळाच्या बाहेर असला तरी ते वाक्य काळाच्या आत आहे, आणि ते खोटं ठरणं शक्य नव्हतं. म्हणून मी यहूदापेक्षाही पेत्राकडे जास्त बघतो. बोएथियसचं उत्तर नुसत्या ज्ञानाला पुरतं, भविष्यवाणीला पुरत नाही.

नवापूरचा_मास्तर

तुमची चर्चा मन लावून वाचतोय. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातून येत नाही.

नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात मावची, भिल्ल घरांत ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही इथल्या आदिवासी घरांत जास्त आहे. पोराला जोराचं दुखणं उठतं, अंग पिवळं पडतं. घरचे प्रार्थना करतात, ती केलीच पाहिजे, मीही करतो. पण त्यानंतर एखादा म्हातारा म्हणतो, "काय होणार ते देवाला माहीत आहे. वाचायचं असेल तर वाचेल." आणि दवाखान्यात न्यायला उशीर होतो. तो म्हातारा आळशी नाही, निर्दयही नाही. त्याला ते श्रद्धेचं बोलणं वाटतं. त्याला मी काय सांगू? भूतकाळाचा पक्केपणा वगैरे त्याच्यासमोर बोलून उपयोग नाही.

अमळनेरी

मास्तर, तुमच्या म्हाताऱ्याला उत्तर देऊन अठराशे वर्षं होत आली, आणि धागाकर्त्याचा प्रश्नही त्याच पानावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंतानं ख्रिस्ती लोकांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ आज उरलेला नाही. ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंतानं २४८च्या सुमारास त्याला जे उत्तर दिलं, त्यात त्याचे उतारे आहेत म्हणून तो आपल्याला कळतो. केल्ससचा एक आक्षेप नेमका हा होता: येशूनं देव या नात्यानं सांगितलं असेल की एक दगा देईल आणि एक नाकारेल, तर ते घडायलाच हवं होतं. म्हणजे देवानंच आपल्याबरोबर जेवणाऱ्या माणसांना पापात ढकललं. यहूदा आणि पेत्र, दोघेही त्यात आहेत.

ओरिगेनचं पहिलं उत्तर: सांगितलं म्हणून घडलं नाही, घडणार होतं म्हणून सांगितलं. घटना न घडती तर भविष्यवाणीही तशी नसती. म्हणजे यहूदाच्या कृतीवर ते वाक्य उभं आहे, वाक्यावर कृती उभी नाही.

त्याच ओघात तो ग्रीकांमध्ये प्रसिद्ध असलेला 'आळशी युक्तिवाद' घेतो. तुझ्या नशिबात बरं होणं असेल तर वैद्य बोलावला काय आणि न बोलावला काय, तू बरा होशील. नशिबात नसेल तर वैद्य येऊनही होणार नाहीस. म्हणून वैद्य बोलावणं व्यर्थ. यावर तो तसाच दुसरा युक्तिवाद ठेवतो. तुझ्या नशिबात मूल असेल तर तू बायकोजवळ गेलास काय आणि न गेलास काय, मूल होईलच. हे कुणी मान्य करील का? मूल व्हायचं असेल तर ते जवळ जाण्यातूनच होईल. तसंच बरं व्हायचं असेल तर ते वैद्याच्या हातून होईल.

मास्तर, म्हाताऱ्याला एवढंच विचारा: देवाला शेवट माहीत आहे, तर मधलं माहीत नाही का? पोरगं वाचल्याचं देवानं पाहिलं असेल तर गाडीत घातलेलं, रक्त चढवलेलंही त्यानं पाहिलं असेल. शेवट तेवढा देवाच्या ज्ञानात आणि मधले हातपाय त्याच्या बाहेर, असं धरलं तर देवाचं ज्ञान आपणच अर्धं केलं.

आमच्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथला मुख्य अभ्यास अद्वैत वेदान्ताचा, पण हा प्रश्न आपल्या परंपरेलाही परका नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात (७.२६) भगवंत म्हणतात की झालेली, असलेली आणि होणारी सगळी भूतं मी जाणतो. आणि अठराव्यात (१८.६३) तेच अर्जुनाला म्हणतात, 'यथेच्छसि तथा कुरु'. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातली आहेत. प्रारब्धाची गोष्ट मात्र निराळी. प्रारब्ध म्हणजे आपल्याच जुन्या कर्माचं फळ. ते कुणाला माहीत असो नसो, ते भोगायचं असतं. ख्रिस्ती अडचण जाणणाऱ्यामुळे येते. म्हणून 'हे आमच्या प्रारब्धासारखंच' म्हणून हा विषय मिटवू नये.

नवापूरचा_मास्तर

'देवाला शेवट माहीत आहे, तर मधलं माहीत नाही का?' हे वाक्य मी वापरणार. हे मावचीत सांगता येतं आणि समजतंही.

कापडणेकर

माले एक सांगा भाऊ. देवले ठाऊक व्हतं ना, यहूदा दगा दी म्हनीसन? मंग बारा जनसमा त्याले लिधा कसाले?

अमळनेरी

कापडणेकर दादा, तुमचा प्रश्न आतापर्यंतच्या सगळ्यांहून अवघड आहे. आतापर्यंत आपण 'देव जाणतो' इथवरच होतो. तुम्ही विचारताय, दगा देईल हे ठाऊक होतं तर बारा शिष्यांत त्याला घेतलंच कशाला, म्हणजे 'जाणून त्यानं काय केलं'.

याच्यावर सगळ्यात धाडसी उत्तर लुईस दे मोलिना (१५३५–१६००) या स्पॅनिश जेझुइटाचं (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ). त्याचा ग्रंथ १५८८ साली लिस्बनला छापला. त्याच्या मते देवाला काय शक्य आहे ते कळतं, काय घडणार तेही कळतं, आणि या दोहोंच्या मधलं एक ज्ञान असतं: अमुक माणूस तमुक परिस्थितीत मोकळेपणानं काय करील. ती परिस्थिती कधी आली नाही तरी देवाला ते ठाऊक असतं. याला मध्यज्ञान म्हणतात.

आधार म्हणून १ शमुवेलच्या २३व्या अध्यायातली कईला गावची गोष्ट देतात. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठून त्याच्या मागावर आहे. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. हे ऐकून दावीद माणसं घेऊन निघून जातो आणि शौल येतच नाही. देवानं सांगितलेलं खोटं ठरलं नाही, कारण ते 'तू इथे राहिलास तर' याबद्दल होतं. ही गोष्ट मला या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची वाटते. इथे देवाचं ज्ञान ऐकून माणूस बांधला जात नाही. त्याला त्यातून पळायला वाट मिळते.

मोलिनाच्या हिशेबानं तुमचं उत्तर असं: या परिस्थितीत यहूदा आपल्या मनानंच दगा देईल हे देवाला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनही त्यानं हेच जग निर्माण करायचं ठरवलं. माझं समाधान पूर्ण होत नाही. कधीच न घडलेल्या प्रसंगात मी काय केलं असतं, हे खरं ठरवतं कोण? मी तर ते केलेलंच नाही. आणि देव ठरवत असेल तर स्वातंत्र्य गेलं. डोमिनिकन पंथाचा बान्येझ आणि जेझुइट यांच्यात यावरून असा वाद पेटला की पोपना त्यासाठी खास समिती नेमावी लागली. १६०७ साली पाचव्या पॉल पोपनी निर्णय न देताच ती बंद केली आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली.

गिरणाकाठ

इतकी कसरत कशाला? १९९४ साली क्लार्क पिनॉक आणि इतर काहींनी मिळून 'मोकळ्या देवा'ची मांडणी केली. भविष्य अजून घडलेलंच नाही, तर त्यात जाणण्यासारखं पक्कं काही नाही. देव जाणण्याजोगं सगळं जाणतो, म्हणून सर्वज्ञच. उत्पत्ति २२ वाचा. अब्राहाम सुरी उचलतो तेव्हा देव म्हणतो की आता मला कळलं. निनवे शहराचं बघा. नाश होणार असं योना या संदेष्ट्यानं सांगितलं, लोकांनी पश्चात्ताप केला, देवानं नाश केला नाही. बायबलमधला देव वाट बघतो, दुःखी होतो, मन बदलतो. बोएथियसचा देव मला ग्रीक वाटतो. ज्याच्याशी बोलून काही फरक पडतो अशा देवाला मी प्रार्थना करू शकतो.

तापीकाठ

@गिरणाकाठ, मग पेत्राचं काय? तीनदा, आणि कोंबडा आरवायच्या आत. एवढा तपशील अंदाजानं कसा सांगता येईल? माझ्या तोंडी शब्द यायच्या आत तू तो जाणतोस, असं स्तोत्र १३९ म्हणतं. चुकू शकणाऱ्या देवावर मरताना कसा भरवसा ठेवू?

गिरणाकाठ

पेत्राचा स्वभाव येशूला आतून-बाहेरून माहीत होता. त्या रात्री तो काय करील हे त्या स्वभावातून जवळजवळ ठरलेलं होतं. तपशिलाबद्दल मात्र तुमचा आक्षेप जड आहे, त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. तरी सगळं आधीच पाहून झालेल्या देवापुढे रडण्यापेक्षा मला हे जवळचं वाटतं.

केळीबाग

निनवेवरून विचारतो. तिथं सांगितलेलं घडलं नाही आणि पेत्राचं घडलं. मग पेत्राला सांगितलं त्यातही 'जर' होतं का? जिथं त्यानं नाकारलं त्या अंगणात त्या रात्री जायचंच नाही असं त्यानं ठरवलं असतं तर?

अमळनेरी

चौदाव्या शतकात ऑकमचा विल्यम हा इंग्रज तत्त्वज्ञ याच रस्त्यानं गेला. भविष्यवाण्यांत 'जर' दडलेला असतो असं तो म्हणतो. शिवाय 'देवाला काल माहीत होतं की मी उद्या अमुक करीन' हे वाक्य त्याच्या मते दिसायला कालचं, पण खरं उद्यावर टेकलेलं. त्यामुळे काल पाऊस पडला हे जसं पक्कं, तसं ते पक्कं नाही. पेत्र अंगणात गेला नसता तर येशूनं ते वाक्य उच्चारलंच नसतं. ओरिगेनही हेच म्हणतो. पण उच्चारलेल्या शब्दाबद्दल धागाकर्त्यानं वर काढलेली अडचण ऑकमलाही पुरती सुटलेली नाही, असं माझं मत.

भुसावळकर

सगळ्यांचं वाचून माझं मत सांगतो.

१९६९ साली हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं असं मांडलं की दुसरी वाट बंद असली तरी माणूस आपल्या कृतीला जबाबदार असू शकतो. बाहेर जायचं दार बंद आहे हे मला माहीत नाही आणि मी माझ्या खुशीनं आत थांबलो, तर थांबणं माझंच. हे मला यहूदाला लावता येतं. त्यानं तीस रुपये स्वतः ठरवून घेतले. त्याच्या हातात कुणी पिशवी कोंबली नाही. मत्तय २६:२४ मध्ये येशू एका दमात दोन्ही म्हणतो: मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो आहे, आणि धरून देणाऱ्याची दुर्दशा होईल. लिहिलेलं असल्यानं दोष पुसला जातो असं त्याला वाटत नव्हतं. माझ्यासाठी कृती कुठून निघाली हा मुद्दा आहे.

अमळनेरी

हे मला पटतं, पण एक धोका आहे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनही असंच म्हणेल. माणूस स्वतःच्या इच्छेनं पाप करतो, म्हणून दोषी. आणि ती इच्छाही देवाच्या निर्णयाखाली आहे. तुम्ही त्याच्यापासून वेगळे कुठे झालात?

भुसावळकर

ज्ञान आणि निर्णय इथे. कॅल्विनच्या मते देव ठरवतो म्हणून जाणतो. मी म्हणतो, यहूदाचा दगा यहूदातून निघाला आणि देवानं तो जाणला. देवाच्या निर्णयातून निघाला असता तर फ्रँकफर्टची वाट मला बंद होती, कारण मग उगम दुसरीकडे असता. म्हणूनच गावात एखादा तरुण गेला आणि कुणी आईला सांगितलं की 'हे देवाला माहीतच होतं', तर मला राग येतो. माहीत होतं हे खरं. पण ऐकणाऱ्या आईच्या कानी 'देवालाच हवं होतं' असं पडतं. त्या दोन वाक्यांमध्ये सगळा ख्रिस्ती विश्वास आहे.

कापडणेकर दादांच्या 'लिधा कसाले'चं उत्तर माझ्याकडे एवढंच: यहूदालाही त्या रात्री घास दिला गेला, त्याचेही पाय धुतले गेले. जाणणाऱ्यानं त्याला वाळीत टाकलं नाही.

वर्गासाठी मी लूक २२:३१-३४ घेणार आहे. तिथे येशू पेत्राला नाकारण्याबद्दल सांगायच्या आधी म्हणतो की तुझा विश्वास खचू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर. पेत्र वळणार हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं प्रार्थना केली. मास्तरांच्या म्हाताऱ्यालाही हे वाचून दाखवता येईल. शेवट माहीत असलेल्यानंच मधलं काम सोडलं नाही.

नवापूरचा_मास्तर

लूक २२ रविवारी घेतो. कईलाची गोष्ट तरुणांच्या सभेत घेईन. तिथे दावीद ऐकून उठतो आणि निघतो, आमच्या पोरांना ती लगेच कळेल.